वजनदार माल उतरवणारी दिशादर्शी पॅराशूट: कोकण किनाऱ्यावरून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्याकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. विचारणारे बहुतेक अभियांत्रिकीचे विद्यार्थी आणि आपत्ती व्यवस्थापनात काम करणारी मंडळी. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. जिथे विषय दुसऱ्या प्रश्नात आला आहे तिथे त्याचा क्रमांक दिला आहे. वेगळं सांगितलं नसेल तर हिशोबात हवेची घनता समुद्रसपाटीची, म्हणजे घनमीटरला १.२ किलो धरली आहे.

१. दिशा देता येणारं पॅराशूट आणि नेहमीची गोल छत्री यांत फरक काय?

गोल छत्री हवेला फक्त अडवते. ती वाऱ्याबरोबर जाईल तिथे उतरते. दिशा देता येणारं पॅराशूट हा कापडी पंख असतो. वरचं आणि खालचं कापड उभ्या फासळ्यांनी, म्हणजे रिब्जनी जोडलेलं असतं, त्यामुळे मध्ये सेल तयार होतात. सेलची पुढची तोंडं उघडी असतात. पुढे सरकताना त्यांतून हवा आत कोंडते आणि पंखाचा आकार टिकतो, म्हणून याला रॅम-एअर पॅराशूट म्हणतात. डोमिना जॅल्बर्ट यांनी १९६० च्या दशकात ही रचना मांडली. मागच्या कडेला बांधलेली डावी किंवा उजवी ब्रेकची दोरी ओढली की पंख त्या बाजूला वळतो. मोठ्या पंखाची सरकण साधारण ३:१ असते, म्हणजे १ मीटर खाली येताना तो ३ मीटर पुढे जातो.

२. यातून जास्तीत जास्त किती वजन उतरवलं गेलं आहे?

आग्र्याच्या एडीआरडीई या डीआरडीओच्या प्रयोगशाळेने १८ डिसेंबर २०२१ रोजी मालपुरा इथे सीएडीएस-५०० या ५०० किलो क्षमतेच्या यंत्रणेचं प्रात्यक्षिक केलं. एएन-३२ विमानातून, ५,००० मीटर उंचीवरून. अमेरिकेत ड्रॅगनफ्लाय ही यंत्रणा १०,००० पौंडांच्या, म्हणजे साडेचार टनांच्या वर्गातली आहे. गिगाफ्लाय ४०,००० पौंडांच्या वर्गातली. नासाच्या एक्स-३८ या अवकाशयानाच्या चाचण्यांत ७,५०० चौरस फुटांचा, म्हणजे जवळपास ७०० चौ. मी.चा पंख वापरला होता.

आपल्याकडच्या पी-७ हेवी ड्रॉप यंत्रणेचा उल्लेख पुष्कळ जण करतात. ती ७ टनांपर्यंत माल उतरवते, पण गोल छत्र्यांच्या समूहावर. तिला दिशा देता येत नाही.

३. अमुक वजनाला किती कापड लागेल?

आधी विचारा की जमिनीवर किती वेगाने टेकलेलं चालेल. वेगाचा वर्ग = २ × वजन (न्यूटनमध्ये) ÷ (हवेची घनता × क्षेत्रफळ × उचल गुणांक). उचल गुणांक (लिफ्ट कोइफिशंट) म्हणजे पंख किती उचल देतो ते सांगणारा आकडा. ब्रेक न ओढता तो ०.५ धरू.

५०० किलो एकूण वजन आणि १०० चौ. मी. कापड असेल तर भार दर चौ. मी.ला ५ किलो. हवेतला वेग सेकंदाला १२.८ मीटर. सरकण ३:१ असेल तर त्यातला खाली येण्याचा भाग सुमारे ४ मीटर.

आता साडेचार टन वजन ३२५ चौ. मी. पंखावर टांगू. भार दर चौ. मी.ला १४ किलो, वेग सेकंदाला २१ मीटर, खाली येणं ६.८ मीटर. हाच वेग ४ मीटरवर आणायचा तर ९०० चौ. मी. कापड लागेल आणि त्याची घडी, वजन, उघडण्याचा वेळ सगळंच हाताबाहेर जाऊ लागतं. म्हणून अवजड यंत्रणा मुद्दाम वेगवान ठेवतात आणि शेवटचा वेग इतर मार्गांनी मारतात (प्र. ११).

४. चांगलं उडणारं लहान पॅराशूट सगळ्या मापांत तिप्पट करून शिवलं तर चालेल ना?

नाही. या विषयात सर्वांत जास्त कापड याच समजुतीपायी फाटलं आहे.

मापं तिप्पट केली की क्षेत्रफळ नऊपट होतं, पण आत कोंडलेल्या हवेचं घनफळ सत्तावीसपट. १०० चौ. मी. पंखात सुमारे ६० घनमीटर, म्हणजे ७० किलो हवा असते. १,००० चौ. मी. पंखात ती दोन टनांच्या घरात जाते. ही हवा वजनकाट्यावर दिसत नाही, पण वळताना आणि थांबताना ती पंखाबरोबर ओढावी लागते. त्यामुळे मोठा पंख आज्ञा मिळाल्यावर उशिरा वळतो आणि वळण थांबवल्यावरही थोडा वळत राहतो. लहान पंखावर नीट चालणारा नियंत्रण-संगणक मोठ्यावर तसाच बसवला तर डावी-उजवी अशी नागमोडी सुरू होते.

दुसरी अडचण उघडण्याची. सेल भरायला लागणारा वेळ पंखाच्या मापाबरोबर वाढतो, आणि सगळे सेल एकाच वेळी भरत नाहीत. मधले आधी फुगतात, टोकाचे मागे राहतात. लहान पंखात हा फरक जाणवत नाही. मोठ्यात त्यामुळे पंख तिरका उघडून दोऱ्यांना पीळ पडतो.

५. कापड आणि दोऱ्या कोणत्या घ्यायच्या? खाऱ्या हवेचा काय परिणाम होतो?

कापड रिपस्टॉप नायलॉनचं, दर चौ. मी.ला ३० ते ४५ ग्रॅम, हवा न झिरपणारा सिलिकॉनचा लेप दिलेलं. रिब्जना बिनलेपाचं चालतं, पण ज्या रिबवर दोरी येते तिथे आडव्या-तिरप्या पट्ट्या शिवून ओढ वरच्या कापडापर्यंत पसरवावी लागते.

दोऱ्यांसाठी डायनीमा हलकी आणि मजबूत, पण ती १४५-१५० अंशांना वितळते आणि घर्षणाच्या उष्णतेने आखडते. व्हेक्ट्रान आखडत नाही, मात्र उन्हात लवकर खराब होते. गाठ मारली की दोरीची ताकद निम्म्यावर येऊ शकते. म्हणून टोकं स्वतःच्या पोटात ओवून सांधायची. बंदरावर दोरखंडाचं काम करणाऱ्या कारागिरांना हे सांधकाम हातचं असतं. ते त्यांच्याकडूनच शिकावं.

नुसत्या मिठाने नायलॉन कुजत नाही. पण वाळलेले स्फटिक घडीत घासून लेप खरवडतात, आणि धातूच्या कड्या व कटर (प्र. ६) गंजवतात. ऊन जास्त घातक आहे. चैत्र-वैशाखात कापड सड्यावर (जांभ्याच्या उघड्या पठारावर) पसरून ठेवणं म्हणजे त्याचं आयुष्य तिथेच संपवणं.

६. उघडताना इतका झटका का बसतो आणि तो कमी कसा करतात?

विमानातून सुटलेला माल सेकंदाला ५०-६० मीटर वेगाने जात असतो. पंख एकदम पूर्ण उघडला तर हवेचा दाब संपूर्ण क्षेत्रफळावर एकाच क्षणी येतो. म्हणून आधी लहान ड्रोग छत्री माल सरळ करते आणि वेग कमी करते. मग पंख टप्प्याटप्प्याने उघडतो.

सुमारे १०० चौ. मी.पर्यंतच्या पंखाला बहुधा स्लायडर पुरतो. दोऱ्यांवरून सरकत खाली येणारं हे चौकोनी कापड पंखाला हळू पसरू देतं. त्याहून बरंच मोठं असेल तर रीफिंग लागतं. आधी मधले काही सेलच मोकळे, बाकीचे दोरीने बांधलेले. ठरावीक सेकंदांनी स्फोटक कटर एकेक बंधन कापतो. दर टप्प्याला दोन कटर लावावेत. एकच असेल आणि तो चालला नाही तर अर्धवट उघडलेला पंख तसाच जमिनीपर्यंत येतो.

मजबुतीचा हिशोब असा: ५०० किलोला ४ जी (म्हणजे वजनाच्या चौपट) झटका धरला तर एकूण ओढ सुमारे २० किलोन्यूटन. ही ओढ सगळ्या दोऱ्यांत समान वाटली जात नाही. पुढच्या ए आणि बी रांगा निम्म्याहून बरीच जास्त घेतात आणि मधल्या सेलच्या दोऱ्यांवर आधी भार येतो. एकूण ओढीला दोऱ्यांच्या संख्येने भागून दोरी निवडणारे इथेच फसतात.

७. दोऱ्या ओढतं कोण? मोटर किती ताकदीची हवी?

पंख आणि माल यांच्या मध्ये नियंत्रण-पेटी लटकते. तिच्यात जीपीएस, दिशा आणि उंची मोजणारे संवेदक, संगणक, बॅटरी आणि दोरी गुंडाळणारे दोन ड्रम. ब्रेकची ओढ हवेचा दाब गुणिले क्षेत्रफळ या प्रमाणात वाढते आणि हे दोन्ही मिळून वजनाशी बांधलेले असतात. म्हणजे वजन दहापट झालं की ओढही साधारण दहापट.

दोरीवर १,००० न्यूटन ओढ आणि सेकंदाला अर्धा मीटर वेग हवा असेल तर ड्रमवर ५०० वॉट लागतात. ५ सें.मी. त्रिज्येच्या ड्रमला ५० न्यूटन-मीटर पीळ (टॉर्क) द्यावा लागतो. गिअर आणि मोटरमधला ऱ्हास धरून बॅटरीकडून याच्या दीडपट मागणी होते. ५,००० मीटरवर तापमान शून्याच्या आसपास असतं, त्यामुळे बॅटरीची चाचणी थंड करूनच घ्यावी.

८. ५,००० मीटरवरून सोडलं तर किती लांब जाईल?

प्र. ३ मधल्या ५०० किलोच्या पंखाला खाली यायला सुमारे १८ मिनिटं लागतात (वर हवा विरळ असल्याने सुरुवातीला वेग जास्त असतो). वारा नसेल तर १५ किमी. सेकंदाला १० मीटर वारा असेल तर तेवढ्या वेळात वाराच त्याला ११ किमी वाहून नेतो. वाऱ्याबरोबर २६ किमी, वाऱ्याविरुद्ध जेमतेम ४.

म्हणून नकाशावर लक्ष्याभोवती १५ किमीचं वर्तुळ काढायचं आणि ते अख्खं वाऱ्याच्या उगमाकडे ११ किमी सरकवायचं. त्या वर्तुळाच्या आत कुठेही सोडलं तरी पंख लक्ष्यावर पोहोचू शकतो. प्रत्यक्षात कडेपासून किमान एक तृतीयांश त्रिज्या आत राहावं, कारण वाऱ्याचा अंदाज चुकतोच. दर चौ. मी.ला १४ किलो भाराचा पंख ११ मिनिटांत खाली येतो आणि फक्त साडेसहा किमी वाहतो. वाऱ्याला तो जास्त पुरून उरतो, पण टेकतो जोरात.

९. महाड-चिपळूणसारख्या पुरात याचा उपयोग झाला असता का?

२२ जुलै २०२१ ला सावित्री आणि वाशिष्ठीच्या पुराने ही दोन्ही शहरं वेढली, त्यानंतर हा प्रश्न थांबलेलाच नाही. आमचं मत स्पष्ट आहे: भर वस्तीत नाही. छपरं, विजेच्या तारा आणि पाण्यात उभी माणसं यांच्यात अर्धा टन वजन सेकंदाला १२ मीटर वेगाने आणणं धोक्याचं आहे. तिथे होड्या आणि हेलिकॉप्टरच हवीत. रस्ता तुटलेली डोंगरातली वाडी, जवळ मोकळा सडा, आणि ढग इतके खाली की हेलिकॉप्टर येत नाही, अशा ठिकाणी ही यंत्रणा कामाची आहे. जीपीएसला ढगाआडूनही वाट दिसते.

पण जुलैत किनाऱ्यावर एक ते दीड किमी उंचीवर पश्चिमेचा वारा सेकंदाला १५-२० मीटर वाहत असतो. १२.८ मीटर वेगाचा पंख त्याच्याविरुद्ध तोंड करून उभा राहिला तरी मागे मागेच जाईल. त्यामुळे पावसाळ्यात माल समुद्रावरच, लक्ष्याच्या पश्चिमेला सोडावा लागतो. लक्ष्य ओलांडून पूर्वेला गेलेला पंख परत येत नाही. शिवाय भिजलेला पंख जड होतो आणि ब्रेक थोडे जास्त ओढले की त्याचं उडणं थांबतं. पावसात ब्रेकची कमाल मर्यादा कमी ठेवावी.

१०. उन्हाळ्यात चाचणी सकाळी घ्यावी की दुपारी?

सकाळी, सूर्य वर यायच्या आत. रात्रीचा मतलई वारा तेव्हा मंदावलेला असतो आणि खारे वारे सुरू झालेले नसतात. दुपारी खारा वारा खालच्या काही शे मीटरांत समुद्राकडून वाहतो आणि त्याच्या वर बऱ्याचदा उलट दिशेचा वारा असतो. पंख वरच्या वाऱ्यावरून अंदाज बांधून शेवटचं वळण ठरवतो, खारा वारा मध्येच उलट लागतो आणि पंख वाऱ्याकडे तोंड करून उतरण्याऐवजी पाठ करून उतरतो. १२ अधिक ६, म्हणजे सेकंदाला १८ मीटर वेगाने जमिनीवर. दुपारीच घ्यायची असेल तर जमिनीवरच्या वाऱ्याची दिशा रेडिओने नियंत्रण-पेटीला कळवण्याची सोय ठेवा.

११. शेवटचा वेग कसा मारतात?

दोन मार्गांनी, आणि दोन्ही लागतात. पहिला फ्लेअर: दोन्ही ब्रेक एकदम ओढून पुढचा वेग काही क्षण उचलीत बदलायचा. खाली येण्याचा वेग ६.८ मीटर आणि ब्रेक पूर्ण ओढायला २-३ सेकंद लागत असतील तर सुरुवात साधारण १५-२० मीटरवर. एक सेकंद उशीर म्हणजे ७ मीटरची चूक. फार आधी केलं तर पंख उडायचा थांबतो, माल झोका घेतो आणि आधीपेक्षा जोरात आदळतो.

दुसरा मार्ग मालाखाली कागदी हनीकोंब, म्हणजे मधाच्या पोळ्यासारखा पोकळ कप्प्यांचा थर. फ्लेअर फसेल असं धरून ६.८ मीटर वेगाला १५ जीने थांबवायचं तर १६ सें.मी. चिरडण्याची जागा हवी. हनीकोंब जाडीच्या सत्तर टक्केच उपयोगी चिरडतो, म्हणून जाडी २३ सें.मी. दर ५०० किलो मालामागे, चिरडण्याची ताकद ०.३ मेगापास्कल असेल तर क्षेत्रफळ सुमारे ०.२६ चौ. मी. जास्त लावणं चूकच, कारण मग तो चिरडत नाही आणि झटका मालाला जातो. आपल्याकडच्या दमट हवेत हा कागद ओलावा धरून मऊ पडतो. तो प्लास्टिकमध्ये सीलबंद ठेवा आणि जूननंतर उघडा राहिलेला वापरू नका.

टेकल्यावर राइझर (पंखाच्या दोऱ्या मालाशी जोडणारे पट्टे) आपोआप सुटले पाहिजेत, नाहीतर वारा भरलेला पंख माल फरफटत नेतो.

१२. सगळं बरोबर असूनही फ्लेअर भलत्याच उंचीवर होतो. असं का?

कोकणात याचं एक खास कारण आहे. जीपीएसची कच्ची उंची एका गणिती लंबगोलापासून मोजलेली असते, आणि आपल्या किनाऱ्यावर समुद्राची पातळी त्या लंबगोलाच्या ६० मीटरपेक्षा जास्त खाली आहे. पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर उभं राहिलं तरी कच्चा आकडा उणे साठ-सत्तर येतो. लक्ष्याची उंची टोपो नकाशावरून (समुद्रसपाटीपासून) आणि पंखाची कच्च्या जीपीएसवरून घेतली तर यंत्रणा साठ-सत्तर मीटर वरच जमीन आली असं समजते. दोन्ही एकाच मोजणीत आणा.

वायुभारमापकही बिनचूक नाही. १ हेक्टोपास्कल म्हणजे सुमारे ८.५ मीटर. सकाळी दहापासून दुपारी चारपर्यंत भार रोजच सुमारे ३ हेक्टोपास्कल उतरतो, म्हणजे सकाळी लावलेला शून्य दुपारी २५ मीटर चुकतो, आणि फ्लेअर उशिरा होतो. शेवटच्या ५० मीटरसाठी रडार किंवा लेझर हवाच. लेझर माडांच्या झावळ्यांना जमीन समजतो आणि शांत पाण्यावर परावर्तन हरवतो. वाड्यांजवळ किंवा खाडीवर रडार बरा.

१३. पुळण, सडा की भातखाचर?

ओहोटीची रुंद पुळण सर्वांत चांगली, पण भरतीचं वेळापत्रक पाहूनच. जांभ्याचा सडा मोकळा असतो, मात्र त्याच्या धारांवर कापड फाटतं. राइझर सुटण्याची खात्री नसेल तर टाळा. खाचरांचे बांध घसरत येणारा माल उलटवतात. आंबा-काजूच्या बागा आणि तारा असलेल्या जागा लक्ष्यापासून किमान ३०० मीटर दूर असाव्यात.

१४. समुद्रात उतरवायचं असेल तर?

भारतीय नौदल आणि डीआरडीओने २७ एप्रिल २०२३ रोजी गोव्याच्या किनाऱ्याजवळ आयएल-३८एसडी विमानातून एडीसी-१५० या १५० किलो क्षमतेच्या पेटीची चाचणी केली. पाण्यावर माल उतरवण्याची गरज खरी आहे. आमच्याकडे येणारे प्रश्न मात्र नंतरच्या आवराआवरीचे असतात.

नायलॉन पाण्यात बुडतं, डायनीमा तरंगते. म्हणजे कापड खाली आणि दोऱ्यांचं जाळं पृष्ठभागावर. नेमकं होडीच्या पंख्यात अडकणारं. होडीने प्रवाहाच्या वरच्या बाजूने जावं, इंजिन बंद करून शेवटचं अंतर वल्ह्याने कापावं. पाण्याने भरलेला पंख कधीही तोंडाकडून उचलू नका. मागच्या कडेकडून हळूहळू ओढा, म्हणजे पाणी सेलच्या तोंडातून निघून जातं. नंतर गोड्या पाण्याने दोनदा धुऊन सावलीत वाळवा.

१५. चाचण्या कोणत्या क्रमाने घ्यायच्या?

आधी जमिनीवर: कापड, शिवण आणि सांधे यंत्रावर तुटेपर्यंत ओढायचे. मग नियंत्रण-पेटी खोट्या जीपीएस संकेतांवर टेबलावर उडवायची, मोटरवर खऱ्याइतकी ओढ लावून. त्यानंतर धावपट्टीवर वाहनाला बांधून पंख फुगवायचा. दोऱ्यांच्या लांबीतल्या चुका इथेच स्वस्तात सापडतात.

पहिला हवाई प्रयोग वाळू भरलेल्या पेटीवर, पंख पूर्ण वजनाच्या निम्म्यावर, कमी वेगाने सोडून आणि ब्रेक जागच्या जागी बांधून. वळवायचं नाही, फक्त सरळ उडतो का पाहायचं. मग माणसाने रेडिओवरून वळवायचं, आणि स्वयंचलित दिशादर्शन त्यानंतर. एका वेळी एकच गोष्ट बदला: वजन, सोडण्याचा वेग किंवा उंची. दोन एकदम बदलल्या आणि कापड फाटलं तर कारण कळत नाही.

प्रत्येक राइझरवर भारमापक, मालावर त्वरणमापक, आणि वर पंखाकडे पाहणारा कॅमेरा हवा. तिन्हींची घड्याळं एकच असावीत.

१६. कॉलेजात लहान नमुना करून मोठ्याचं वागणं कळेल का?

बऱ्याच अंशी. एक चतुर्थांश मापाचा नमुना घेतला तर क्षेत्रफळ १/१६ आणि वजन १/६४ ठेवायचं: १०० चौ. मी. आणि ५०० किलोऐवजी ६.२५ चौ. मी. आणि ७.८ किलो. वेग आणि वेळ दोन्ही निम्मे होतात, वळणं आणि झोके मोठ्यासारखेच दिसतात. कापडाचा ताठपणा आणि शिवणींची ताकद मात्र या प्रमाणात बदलत नाही, म्हणून उघडण्याचे निष्कर्ष नमुन्यावरून काढू नका. वेग निम्मा झाल्याने नमुन्याला ६ मीटरचा खारा वाराही जड जातो.

ड्रोनमधून सोडणार असाल तर ड्रोन नियम २०२१ लागू होतात. डिजिटल स्काय नकाशावर हिरव्या भागातही १२० मीटरचीच मर्यादा आहे, आणि विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किमीच्या पट्ट्यात ६० मीटरच्या वर परवानगी लागते. रत्नागिरी, चिपी आणि मोपा या विमानतळांजवळचे गट हे हमखास विसरतात.

१७. पंख एकाच बाजूला वळत राहतो. काय तपासावं?

या क्रमाने: माल मध्यावर टांगला आहे का, दोन्ही ड्रमचा शून्य सारखा आहे का, दोऱ्यांना पीळ आहे का. मग प्रत्येक दोरी सारख्याच वजनाने, समजा ५ किलोने ताणून मोजा आणि डाव्या-उजव्या जोडीतला फरक लिहा. १० मिमीहून जास्त फरक असेल तर दोरी बदला. ब्रेकच्या दोऱ्या कड्यांतून घासल्याने आखडतात, त्यामुळे दोष बहुधा तिथेच निघतो. संगणकाला उलट ब्रेक धरायला सांगून दोष लपवू नका. तेवढी वळण्याची क्षमता कायमची खर्ची पडते.

१८. जीपीएस मध्येच गेला तर?

एका बाजूला हलका ब्रेक धरून सावकाश गोल फिरत खाली यावं, असं आधीच ठरवून द्यावं. सरळ उडू दिलं तर वारा नसतानाही पंख १५ किमी दूर, एखाद्या गावावर जाऊ शकतो. गोल फिरणारा वाऱ्याबरोबरच वाहतो, त्यामुळे तो कुठे पडेल ते सांगता येतं. चाचणीपूर्वी रिकामा ठेवायचा प्रदेश याच हिशोबाने ठरवावा.

१९. पावसाळ्यात घडी घालून ठेवलेलं पॅराशूट दिवाळीत थेट वापरता येईल?

नाही, उघडून पुन्हा घडी घाला. नायलॉन हवेतला ओलावा धरतं, घडीत बुरशी येते आणि लेपाचे पदर एकमेकांना चिकटतात. मग काही सेल उशिरा उघडतात (प्र. ४). घडीची खोली कोरडी हवी, हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या आत. स्फोटक कटरच्या मुदतीची तारीख पाहा आणि धातूच्या प्रत्येक कडीवर बोट फिरवून गंज तपासा.

२०. समुद्राकाठच्या कड्यावर सडा आहे. त्याच्या कडेजवळ लक्ष्य ठेवावं का?

ठेवू नये. समुद्राकडचा वारा कड्यावर आदळून वर चढतो, त्यामुळे कडेवर पंख खाली यायलाच तयार होत नाही, आणि कडेच्या आत काही अंतरावर हवा गुंडाळी होऊन एकदम खाली दाबते. कडा ६० मीटर उंच असेल तर लक्ष्य निदान ५०० मीटर आत घ्या. तेवढी जागा नसेल तर वारा सेकंदाला ३ मीटरच्या खाली येईपर्यंत थांबा. वारा जमिनीकडून असेल तर उलट धोका: थोडं पुढे गेलेला माल कड्याखाली, खडकांत जातो. अशा वेळी लक्ष्य वाऱ्याच्या बाजूला, आणखी आत सरकवा.